थंडींतील विसांवा

मार्गशीर्ष लागला कीं नगरकडील कोरडी थंडी अंगास झोंबूं लागते. घरोघर बाजरी व तीळ आठवणीनें येतात. तेलाची वाटी मात्र दिवाळी सरतांच फडताळांत जाते. वास्तविक वाग्भटानें अंगास व मस्तकास तेल लावणें सबंध हेमंत ऋतूसाठीं सांगितलें आहे. दिवसाची झोंप तो एरवीं उन्हाळ्यांतच हितकर मानतो. श्रमानें थकलेल्यांस मात्र सूट देतो.

ही सूट आमच्या घरांत कोणास मिळावयास हवी? गंगाधरशास्त्री गुणे यांनीं १९१७ सालीं ज्या नगरांत आयुर्वेद महाविद्यालय काढलें, तेथील सुशिक्षित घरांतही सर्वांआधीं उठणारी व सर्वांमागून निजणारी व्यक्ति बहुधा एकच असते. बंब जाऊन गीझर आला, तरी उरल्या कोमट पाण्यावर स्नान उरकते तीच. भेगाळलेल्या टांचांना कोकमतेल लावावयास तिला रात्रीचे अकरा वाजतात!

भगिनींनो, या पौषांत रात्रीचें जेवण आठाच्या आंत आटोपावें. मागील आवराआवर मुलांनीं व (धीर करून लिहितें) यजमानांनींही वांटून घ्यावी. रविवारीं पहिलें कढत पाणी तुम्हींच घ्यावें. सासूबाई काय म्हणतील? त्यांच्या टाळूवर आधीं तेल घालावें. मग त्या कांहीं म्हणावयाच्या नाहींत.