बिभा आणि संतमस

तंजावरहून उत्तरेकडे निघालेला रस्ता एकामागून एक पूल ओलांडीत कावेरीकाठच्या तिरुवैयारूला पोहोचतो. या गावाच्या तमिळ नावातच पाच नद्या आहेत. एके काळी हा मुलूख तंजावरच्या मराठी राज्यात होता. त्यागराजस्वामींचे आयुष्य येथेच गेले आणि 1847 च्या जानेवारीत येथेच त्यांनी देह ठेवला. दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक त्यांच्या समाधीपाशी एकत्र बसून पंचरत्न कृती गातात.

अशाच एका आराधनेच्या रात्री मी पुतणीसह कावेरीच्या घाटावर बसलो होतो. चंद्र उगवायला अवकाश होता. पूर्वेला मघा वर आली होती. तिच्या दक्षिणेकडील काळोखाकडे बोट दाखवून मी म्हणालो, "तेथे बिभा नावाचा एक तारा आहे."

"मला तर काहीच दिसत नाही, काका."

"नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाहीच, त्याला लहानशी दुर्बीण लागते. आणि त्याच्याभोवती फिरणारा ग्रह तर दुर्बिणीतूनही कोणी पाहिलेला नाही."

"मग तो आहे, हे कसे कळले?"

प्रश्न रास्त होता. उत्तर पुलावरूनच आले. एक मोटारबस भोंगा वाजवीत आमच्या दिशेने आली आणि पुढे निघून गेली. पुतणी गाणे शिकते. तिच्या कानाने लगेच टिपले, की बस जवळ येत असता भोंग्याचा स्वर चढा होता आणि ती दूर जाऊ लागताच तो उतरला. प्रकाशाचेही असेच होते. तारा आपल्याकडे येऊ लागला, की त्याच्या प्रकाशातील रेषा किंचित निळ्या बाजूस सरकतात; तो दूर जाऊ लागला, की तांबड्या बाजूस. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो खरे, परंतु ग्रहाच्या ओढीने ताराही थोडासा डोलत असतो. बिभाचे हे डोलणे सेकंदाला सुमारे 200 मीटर वेगाचे आहे. त्यामुळे त्याच्या प्रकाशात पडणारा फरक दहा लाखांत एक भागाहूनही कमी! इतका सूक्ष्म श्रुतिभेद ज्योतिषशास्त्रज्ञांच्या उपकरणांनी ओळखला आणि 2006 साली या ग्रहाचा शोध लागला.

हा ग्रह मोठा विलक्षण आहे. त्याचे वस्तुमान आपल्या गुरूच्या दीडपट आहे. आपला गुरू सूर्यापासून 78 कोटी किलोमीटर दूर राहतो आणि एक प्रदक्षिणा पुरी करावयास त्याला सुमारे बारा वर्षे लागतात. हा महाग्रह मात्र आपल्या ताऱ्यापासून अवघ्या 52 लाख किलोमीटरांवर आहे. बुधही सूर्याच्या इतका जवळ नाही. तो याच्या अकरापट दूर आहे. त्यामुळे तेथील वर्ष दोन दिवसांहून थोड्याच अधिक काळात संपते. ग्रहाचे तापमान सुमारे 1500 अंश सेल्सिअस असावे असा अंदाज आहे. तांबे 1085 अंशांना वितळते, हे ध्यानी घेतले म्हणजे तेथील दाहाची कल्पना येईल. हा सारा संसार आपल्यापासून सुमारे 340 प्रकाशवर्षे दूर आहे. आज तेथून येणारा किरण निघाला, तेव्हा तंजावरात मराठी राज्य स्थापन होऊन फार वर्षे झालेली नव्हती.

अशा ग्रहांना 'तप्त गुरू' म्हणतात. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला तप्त गुरू 1995 साली मेयर आणि केलोझ या शास्त्रज्ञांना सापडला, तेव्हा पुष्कळांचा विश्वास बसेना. आपल्या सूर्यमालेत लहान, खडकाळ ग्रह जवळ आणि वायूचे महाग्रह दूर. सर्वत्र हीच रीत असणार, असे आपण गृहीत धरून बसलो होतो. एवढा महाग्रह ताऱ्याच्या इतक्या निकट घडणे कठीण. तो दूरच जन्मला असावा आणि मागाहून आत सरकला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो आत कसा आला, याविषयी मात्र अजून वाद आहे. आपल्या घरची रीत म्हणजे जगाची रीत नव्हे, एवढा धडा या ग्रहांनी दिला.

आंतरराष्ट्रीय ज्योतिषसंघाने आपल्या शताब्दीनिमित्त 2019 साली प्रत्येक देशाला एक तारा व त्याचा ग्रह नामकरणासाठी दिला. भारताच्या वाट्याला हे जोडपे आले. लोकांनी नावे सुचविली आणि मतदान झाले. पुण्याच्या एका तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने सुचविलेले 'संतमस' हे नाव ग्रहाला मिळाले. संस्कृतात त्याचा अर्थ दाट अंधार. ताऱ्यासाठी सुरतेच्या एका तरुण विद्यार्थ्याने सुचविलेले 'बिभा' हे नाव निवडले गेले. बंगालीतील बिभा म्हणजे आपली विभा, अर्थात तेज. पण हे नाव केवळ अर्थासाठी निवडलेले नाही.

बिभा चौधुरी यांचा जन्म 1913 चा. कलकत्त्यात देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी छायाचित्रणाच्या काचा हिमालयाच्या उंच ठिकाणी महिनोन्‌महिने ठेवल्या आणि विश्वकिरणांनी त्यांवर उमटविलेल्या माग-रेषांवरून मेसॉन कणांचे वस्तुमान काढण्याचा प्रयत्न केला. त्यांचे लेख महायुद्धाच्या काळात 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. अधिक चांगल्या काचा त्यांना युद्धामुळे मिळाल्या नाहीत. पुढे 1947 साली ब्रिस्टल येथे पॉवेल यांच्या गटाने सुधारलेल्या काचा वापरून पाय-मेसॉन शोधला आणि 1950 चे नोबेल पारितोषिक पॉवेल यांना मिळाले. बिभाबाई मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत काम करीत राहिल्या. 1991 मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्याच अहमदाबादच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी 2021 साली अबूच्या पहाडावरील दुर्बिणीने एक नवा तप्त गुरू शोधला, हा योग बिभाबाईंना आवडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा समाधीपाशी गेलो. जवळच बंगळूर नागरत्नम्मांची समाधी आहे. त्यागराजांच्या समाधीवर मंदिर उभे राहिले ते या गायिकेच्या कष्टांमुळे आणि तिच्या पैशाने. तरीही स्त्रियांना आराधनेत गाण्याची मुभा नव्हती. तेव्हा त्यांनी 1927 पासून स्त्रियांची वेगळी आराधना चालविली. अखेर 1940 च्या सुमारास सर्व गट एक झाले. त्याच वर्षांत हिमालयात बिभाबाईंच्या काचा किरणांची वाट पाहत होत्या.

पुतणी बराच वेळ त्या मूर्तीपुढे उभी होती. मग म्हणाली, "काका, काल मी पंचरत्न गायले, ते यांच्यामुळेच ना?"

वाचकहो, फेब्रुवारी-मार्चच्या रात्री मघेच्या खाली, दक्षिणेस, सिंह आणि वासुकी यांच्या मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या आकाशाकडे घरातल्या मुलांना अवश्य पाहावयास सांगा. तेथे काही दिसणार नाही. तरी तेथे कोण आहे, ते त्यांना सांगा.