वही उघडी, पण शिक्का कोणापाशी?

आपल्या पेढीची वही चारचौघांसमोर उघडी ठेवण्यास सहसा कोणी व्यापारी धजावत नाही. मोबाइलच्या क्षेत्रात मात्र एका मोठ्या कंपनीने हे धाडस केले. आणि त्यामागे औदार्यापेक्षा हिशेब अधिक होता.

अँड्रॉइड ही मूळची कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे २००३ साली स्थापन झालेली एक लहानशी कंपनी. गूगलने ती २००५ मध्ये विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी फोन उत्पादक, चिप बनविणारे आणि दूरसंचार कंपन्या अशा ३४ सदस्यांची ‘ओपन हँडसेट अलायन्स’ जाहीर झाली. आठवड्याभरातच ॲप रचण्याची साधने विनामूल्य उपलब्ध झाली आणि उत्तम ॲपसाठी एकूण एक कोटी डॉलरची बक्षिसे ठेवण्यात आली. गंमत अशी की, त्या वेळी विक्रीला फोन एकही नव्हता! तो ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत आला आणि त्याच सुमारास प्रणालीचा मूळ कोडही खुला झाला. बाजार भरवायचा तर आधी गाळेधारक हवेत. गिऱ्हाईक त्यांच्यामागे येते. हे व्यापारी सत्य येथे नेमके ओळखले गेले.

‘खुले’ या शब्दाचा अर्थ मात्र नीट तपासला पाहिजे. प्रणालीचा बराच भाग अपाचे परवान्याखाली आहे. तो कोणीही घ्यावा, बदलावा, त्यावर धंदा करावा. परंतु प्ले स्टोअर, नकाशे, जीमेल ही गूगलची स्वतःची मालमत्ता असून ती खुली नाही. म्हणजे मैदान सर्वांचे, पण मैदानातील सर्वांत मोठ्या दुकानाचे दार एकाचेच. त्या दुकानात ॲप मांडण्यासाठी एकदाच २५ डॉलर नोंदणीशुल्क पडते. गूगलचे कमिशन डिजिटल मालाच्या विक्रीवर असते. ॲपमधून कापड, धान्य वा भांडी विकणाऱ्यास ते लागू होत नाही.

अनेक व्यापारी घरांत आज दुकानाचे ॲप करून घेण्याचा विचार चालू आहे. कधी घरचाच मुलगा वा पुतण्या ते रचतो, कधी बाहेरच्या तरुणाला काम दिले जाते. खर्चाची घासाघीस होते, रंगरूपाची चर्चा होते. एक प्रश्न मात्र राहून जातो. शिक्का कोणापाशी?

प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर त्याच्या निर्मात्याची गुप्त डिजिटल सही असते. पुढील प्रत्येक सुधारित आवृत्तीवर तीच सही असावी लागते, अन्यथा फोन ती आवृत्ती जुन्या ॲपवर चढवू देत नाही. २०२१ पासून प्ले स्टोअरवर नव्याने येणाऱ्या ॲपची मूळ सही गूगलच्या ताब्यात राहते. त्यामुळे आता खरी किल्ली म्हणजे विकासकाचे खाते. ते खाते कामगिरी घेतलेल्या तरुणाच्या नावे असेल आणि उद्या तो गाव सोडून गेला, तर पेढीचे ॲप परक्याच्या तिजोरीत अडकते. नवे ॲप काढून प्रत्येक गिऱ्हाइकाला ते पुन्हा घेण्याची विनवणी करावी लागते, आणि त्यांतले निम्मे तरी परत येतील याची शाश्वती कोण देणार?

कायद्याची बाजूही तितकीच महत्त्वाची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळा करार नसल्यास, मालकाचा ठरतो. बाहेरच्या व्यक्तीने लिहिलेला प्रोग्राम मात्र, पैसे चुकते केले तरी, प्रथमतः तिचाच राहतो. हक्क हस्तांतरित व्हायचे तर लेखी करार लागतो. तोंडी शब्दावर कोट्यवधींचे व्यवहार निभावणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

म्हणून काम देण्यापूर्वी तीन गोष्टी व्हाव्यात. खाते पेढीच्या नावाने उघडावे, त्याची माहिती किमान दोन जबाबदार व्यक्तींपाशी असावी, आणि मूळ कोड व हक्क सुपूर्द करण्याचे कलम करारात यावे. शेवटचा हप्ता या सुपूर्दीनंतरच द्यावा.

घरचा मुलगा काम करीत असला तरी हा नियम शिथिल करू नये. त्यात अविश्वास नाही. वाटणीच्या दिवशी भावाभावांत जो कागद उपयोगी पडतो, तो गोडीगुलाबीच्या दिवशीच लिहिलेला असतो.