ओट्यामागची भिंत

मैत्रिणींनो, या सदराकडे येणाऱ्या पत्रांत स्वयंपाकघराची पत्रे नेहमीच जास्त असतात. दिवाणखान्याचा रंग पाहुण्यांसाठी असतो, पण दिवसातले पाच-सहा तास ज्या भिंतीकडे तोंड करून आपण उभ्या असतो, ती ओट्यामागची भिंत. तिच्याबद्दल आपल्याला काही वाटणारच!

या वेळी पत्र आले आहे ते आंबेगाव तालुक्यातल्या पेठहून. पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव. या भगिनीचे घर सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचे आहे. स्वयंपाकघराच्या तीन भिंती मातीच्या, रुंद. ओट्याच्या बाजूची चौथी भिंत मागाहून विटांची बांधलेली. ओटा काळ्या कडाप्प्याचा, आठ फूट लांब. खाली शहाबादी फरशी. भिंतींना कमरेएवढा गडद हिरवा ऑइलपेंट नि त्यावर निळीचा चुना. खिडकी एकच, उत्तरेला. कोपऱ्यात सासूबाईंची चूल अजून पेटते. भिशीचे पैसे हाती आले आहेत. दुकानदार आणि मिस्त्री दोघेही म्हणतात, चारी भिंतींना वरपर्यंत टाइल्स लावून घ्या, कटकट मिटेल. यजमान म्हणतात, पुढेमागे नवीन बांधायचेच आहे, आता खर्च कशाला? आणि ही बिचारी विचारते, की भिशीचा नंबर पुन्हा केव्हा लागेल कोण जाणे, तेव्हा पैसे नेमके कुठे घालू?

आधी मिस्त्रींच्या सल्ल्याचे पाहू. वहिनी, मातीच्या भिंतींना टाइल्स लावू नका. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. थोडीशी फुगते, थोडीशी आक्रसते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा करून टाइल्स ठोकल्या की तिला श्वास घ्यायला जागा राहात नाही. ओल आत कोंडते, सिमेंट मातीला सोडते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत टाइल्स पोकळ वाजू लागतात. मग एके दिवशी गिलाव्यासकट खाली! शिवाय आत भिंतीची माती भुसभुशीत झालेली असते ती वेगळीच. तुमचा कमरेएवढा ऑइलपेंट जागोजाग पोपडे धरतो असे लिहिले आहे ना, त्याचेही कारण हेच.

ज्यांना आपली भिंत मातीची की विटांची हे ठाऊक नसेल, त्यांनी कोपऱ्यात, खाली, एक खिळा ठोकून पाहावा. सहज आत गेला आणि भुरी माती गळली तर मातीची. नेट लागला आणि लाल भुकटी आली तर विटांची.

तेव्हा टाइल्स लागतील त्या फक्त विटांच्या भिंतीला. त्याही वरपर्यंत कशाला? फोडणीचा थेंब, डाळीचा उकाळा, भांडी विसळतानाचे पाणी, हे सगळे ओट्यापासून दोन फुटांच्या आतच उडते. हिशेबच करा. आठ फूट लांब नि दोन फूट उंच म्हणजे 16 चौरस फूट. तुमची माळ्याची तक्तपोशी जमिनीपासून नऊ फुटांवर आहे असे धरले, तर ओट्यापासून वरपर्यंत जवळजवळ 50 चौरस फूट भरतील. माल तिप्पट आणि मजुरीही जवळपास तिप्पट. वरच्या त्या टाइल्सवर आयुष्यात एक थेंब उडायचा नाही.

बाजारात 12 इंच गुणिले 18 इंचांच्या टाइल्स सर्रास मिळतात. त्या आडव्या लावल्या तर दोन ओळींत बरोबर दोन फूट उंची होते. एका ओळीत पाच अख्ख्या आणि शेवटी सहा इंचांचा तुकडा. दोन ओळींच्या दहा अख्ख्या, आणि एकीतून दोन्ही तुकडे निघतात. झाल्या अकरा. फुटतुटीसाठी दोन जास्त धरा, तेरा पुरे. मिस्त्री म्हणाले, "पंचवीस आणा," तर हा कागद त्यांच्यापुढे ठेवा!

तेरा टाइल्सच हव्या असल्या म्हणजे एक फायदा होतो. मोठ्या घराचे काम झाले की दुकानदाराकडे एक-दोन खोकी शिल्लक राहतात. पुरी खोली त्यात होत नाही म्हणून ती कोणी घेत नाही, आणि दुकानदारालाही ती काढून टाकायची असतात. मंचर किंवा नारायणगावच्या दुकानात गेलात की आधी शिल्लक माल दाखवा म्हणून सांगा. भावात घासाघीस तिथेच होते. मात्र सगळ्या टाइल्स एकाच खोक्याच्या, किंवा खोक्यांवरचा बॅच नंबर नि शेड एकच आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. एकाच नावाच्या दोन बॅचमध्ये रंगाचा फरक पडतो, आणि तो दुकानात नव्हे, भिंतीवर लागल्यावर दिसतो.

टाइल गुळगुळीत, चकचकीत घ्या. खडबडीत, उठावाच्या नक्षीची टाइल दुकानात फार देखणी दिसते, पण तेलाची वाफ त्या खाचांत बसली की दात घासायच्या ब्रशने काढीत बसावे लागते. फळांच्या परड्या नि किटल्यांची चित्रे असलेल्या टाइल्सही मी सुचवणार नाही. वर्षभरात त्या परडीचा कंटाळा येतो, हा माझा आपला अनुभव. साधी, एकरंगी, सायीच्या रंगाची टाइल घ्या. सांध्यांत पांढरे सिमेंट भरू देऊ नका. हळद नि तेलाने ते महिनाभरात पिवळे पडते. फिक्या राखाडी रंगाचे भरण मागा. शेगडीच्या मागच्या सांध्यांपुरते इपॉक्सीचे भरण परवडले तर उत्तमच. ते महाग असते, पण डाग शोषून घेत नाही. टाइल्स सिमेंटमध्ये बसवणार असतील तर त्या आधी पाण्यात भिजवून घेतात ना, एवढे बघा. कोरडी टाइल सिमेंटमधले पाणी पिऊन टाकते आणि मग पकड धरत नाही.

ओट्याची डावी कड मातीच्या भिंतीला टेकते, तिथेही शिंतोडे उडणारच. तिथे कोटा दगडाचा दोन फूट बाय दोन फुटांचा पॉलिश केलेला तुकडा ओट्यावर उभा करून घ्या. भार ओट्यावर येतो, भिंतीवर नाही. वरच्या कडेला दोन क्लिपा मारल्या म्हणजे झाले. कडाप्पाच उभा केला तरी चालेल, पण काळ्यावर काळे नि एकच खिडकी, म्हणजे कोपरा अंधारात जाईल. कोट्याची हिरवट-राखाडी छटा बरी. एक ध्यानात ठेवा, कोटा, कडाप्पा नि शहाबादी हे तिन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, आमसुलाचे पाणी सांडले तर लगेच पुसा, आणि संडास धुण्याचे ॲसिड तिकडे फिरकू देऊ नका. पॉलिश जाते ते परत येत नाही.

चिकटवायचे चकाकते कागद आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्याही हल्ली मिळतात. स्वस्त आहेत, पण शेगडीच्या मागे नकोत. ज्योतीची धग लागून त्या वाकतात, कडा सुटतात, आणि मागे झुरळांना घर होते.

आता रंग. तुमच्या भिंतींवर दोन प्रकारचा मळ आहे. चुलीची काजळी ही एक, आणि गॅसवरच्या फोडण्यांचा चिकट थर हा दुसरा. विटांच्या भिंतीवरचा चिकटा गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातात मोजे घालून, धुऊन काढा. तेलकट भिंतीवर कितीही भारी रंग लावला तरी तो सुटतो. धुऊन वाळली की आधी ऑइल प्रायमरचा एक हात द्या, नाहीतर काजळीचे तपकिरी डाग पाण्याच्या रंगातून पुन्हा वर येतात. मग टाइल्सच्या वर धुता येईल असा प्लॅस्टिक इमल्शन.

मातीच्या भिंतींवरचा हिरवा ऑइलपेंट काढायलाच हवा. तो काढताना पाणी मारून ओला करून खरवडा, कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची कडक मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांना नि गरोदर बाईला फार वाईट. लेकरांना दोन दिवस मावशीकडे पाठवा. खरवड ओल्या फडक्याने गोळा करा, झाडूने उडवू नका.

खरवडल्यावर मातीने लिंपून घ्या आणि वर चुनाच द्या. हो, चुनाच! चुना ओल आरपार जाऊ देतो, आणि मातीच्या भिंतीला तोच मानवतो. कळीचा चुना भिजवताना पाणी उकळते, म्हणून लोखंडी पिंपात भिजवावा. ॲल्युमिनियमचे पातेले मुळीच नको, चुना ते खातो. डोळे सांभाळा. रात्रभर मुरू द्यावा, फडक्याने गाळावा, थोडा डिंक घालावा. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्यावेत. ओला असताना चुना पारदर्शक दिसतो, आणि "अगंबाई, काही लागलेच नाही!" असे वाटते. वाळल्यावर पांढरा होतो.

आणि रंग कोणता? तुमची खिडकी उत्तरेची. तिच्यातून ऊन येत नाही, येतो तो थंड, निळसर उजेड. त्यात निळीची भिंत अधिकच उदास दिसते, आणि खाली काळा ओटा नि राखाडी फरशी. या खोलीला ऊब हवी. चुन्यात पिवळी माती कालवून फिका बदामी रंग करा. माती आणि गेरू चुन्यात टिकतात. टाइल्सच्या वरच्या इमल्शनलाही तीच छटा शोधा. पांढराशुभ्र नको, त्यावर प्रत्येक बोट उठून दिसते. दुकानातल्या शेडकार्डावर मात्र विसंबू नका. नखाएवढा चौकोन पाहून भिंतीचा अंदाज येत नाही. ओट्याजवळ दोन फुटांचा ठिगळ लावा, वाळू द्या, आणि सकाळी, दुपारी नि रात्री दिव्याखाली पाहा. दिवा पांढऱ्या उजेडाचा असेल तर पिवळा रंग फिका पडतो, पिवळ्या उजेडाचा असेल तर गडद होतो. एक छटा फिकी घेतलेली बरी.

सासूबाईंना निळी भिंत आवडते असे लिहिलेत. देवाचा कोनाडा आतून निळीच्या चुन्यानेच रंगवा ना! बदामी भिंतीत तो निळा चौकोन किती गोड दिसेल.

चुलीचा प्रश्न नाजूक आहे. ती तिथेच पेटत राहिली तर कोणताही रंग वर्षभर टिकायचा नाही, आणि त्या धुराने सासूबाईंचेच डोळे नि छाती बिघडतात. पण "चूल बंद करा," असे म्हणू नका. परसदारी पत्र्याखाली नवी चूल घालून द्या, त्यांच्या बसण्याच्या उंचीची. भाकरी तिथे होतील, आंघोळीचे पाणीही. टाइल्समध्ये वाचलेल्या पैशांतून विटांच्या भिंतीत, शेगडीच्या वर, धूर ओढणारा पंखा बसवा. त्याचे भोक आणि विजेचा बोर्ड टाइल्स लावण्याआधी करून घ्यायचा, मागाहून नव्हे. यजमानांनाही सांगा, पंखा उद्या नव्या घरात नेता येतो, आणि चुन्याचा खर्च काही मोठा नाही.

भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूला राहणाऱ्या भगिनींनी मात्र वरचा सगळा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. पेठपेक्षा तिकडे पाऊस कितीतरी जास्त. तिथे आधी बाहेरची पागोळी भिंतीवर पडते का, जोत्याशी पाणी साचते का, ते पाहा. ते थांबल्याशिवाय आत चुन्याचाही उपयोग नाही.

काम दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर काढा. आधी खरवडणे नि लिंपणे, मग टाइल्स, शेवटी रंग. लिंपण वाळायला आठ-दहा दिवस सहज जातील, टाइल्सच्या सांध्यांनाही दोन-तीन दिवस पाण्यापासून जपावे लागेल. तेवढे दिवस शेगडी पडवीत हलवा, आणि मिस्त्रींच्या चहाची साखर हिशेबात धरा!