सहस्रकुंड : एक धबधबा, दोन काठ

आफ्रिकेत अंगोला आणि नामिबियाच्या सीमेवर कुनेने नावाची नदी आहे. तिच्यावरचा रुआकाना धबधबा शंभर मीटरहून उंच. फोटो बघून लगेच बॅग भरू नका! वरच्या अंगाला वीजप्रकल्प आहे, नदीचं पाणी तिकडे वळतं. चांगला पूर आला तरच रुआकाना कोसळतो. नाहीतर व्हिसा, विमान, जीप एवढं सगळं करून समोर काय, तर कोरडा कडा.

आपल्या बारामती-इंदापूरकरांना यात कसलं आलंय नवल? आपली नीराही सीमेवरचीच. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा आणि सोलापूर. पाणी भाटघरला, वीरला अडतं आणि कालव्यानं उसाला येतं. नदीच्या वाट्याला किती, ते वरच्या गेटवर ठरतं. फक्त आपल्या नीरेला इकडे धबधबा नाही, एवढंच.

तो हवा असेल तर पैनगंगेवर जा. दौंडहून रेल्वेनं नांदेड, तिथून साधारण शंभर किलोमीटरवर इस्लापूरजवळ सहस्रकुंड. मुदखेड-आदिलाबाद लाइनवर चक्क या नावाचं स्टेशनही आहे. उंची म्हणाल तर तीस-चाळीस फूट, लोणावळेकर नाक मुरडतील. पण रुंदी बघा, बॉस! काळ्या कातळात नदी फुटते ती ढीगभर धारांनी, आणि तो आवाज छातीत बसतो. बोलायचं तर ओरडूनच.

या काठाला मराठवाडा, समोर विदर्भातला यवतमाळ जिल्हा. १९४८ पर्यंत हा काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि समोरचा मध्य प्रांत-वऱ्हाडात. म्हणजे खरीखुरी सरहद्द! १९५६ मध्ये दोन्ही काठ द्विभाषिक मुंबई राज्यात आले. आज बॉर्डर ओलांडायला पासपोर्ट लागत नाही. फक्त पूल गाठायला वळसा घालावा लागतो.

चहाच्या टपरीवर ‘कुठून आलात?’ झालं. बारामती म्हटल्यावर चहावाले काका हसले. तुमच्याकडे काय, पाणीच पाणी! मी त्यांना इंदापूरच्या टेलच्या गावांचं सांगायला लागले. कालव्याचं आवर्तन, त्याची वाट बघणं, वरच्यांनी आधी भिजवून घेणं. काकांना एक शब्द समजावावा लागला नाही. कारण पैनगंगेवर वर इसापूर धरण आहे. हिंगोली, नांदेड, यवतमाळची शेती त्यावर. ते पाणी शेतीला जायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण उन्हाळ्यात टुरिस्ट इथे येतात, वाळलेला कातळ बघतात आणि ‘काहीच नाही इथे’ म्हणून परत फिरतात. मला त्यांचा राग येतो. नदी दिसत नाही म्हणजे ती कुठेतरी कापसाला, हळदीला गेलीय, हे विचारायचं सुचत नाही त्यांना.

जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबर. ओल्या शेवाळी दगडावर सेल्फीचा हट्ट नको, तिथून पाय सुटला तर वाचणं अवघड. आणि हॉटेल बुक करण्याआधी इसापूरमधून पाणी सोडलंय का, ते पेपरात बघा.