भुईआवळा : अर्धीच बाजू

‘काविळीवर भुईआवळा रामबाण’ हे पत्र वाचले. त्यात अर्धीच बाजू आली आहे. मद्रासच्या संशोधकांनी १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हिपॅटायटिस-बीच्या ३७ वाहकांना भुईआवळा दिल्यावर २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाल्याचे नोंदवले, हे खरे. परंतु नंतरच्या चाचण्यांत तसा गुण आढळला नाही. हिपॅटायटिस-एची कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय मुळीला मिळते. पित्तनलिकेत खडा असेल, तर मात्र काढ्यापायी गेलेले दिवस जिवावर बेतू शकतात. वनस्पतींवर संशोधन जरूर व्हावे. पण डोळे पिवळे दिसताच आधी रक्ततपासणी करा आणि घेत असलेला काढा डॉक्टरांपासून लपवू नका.

– एक वाचक, सातारा