वहीत न लिहिलेला खर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीस एक जुने तत्त्व शिकवले जाते : 'ग्राहका, सावध राहा.' माल पारखून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, असा त्याचा अर्थ. कापड चाचपून पाहावे, धान्य ओंजळीत घेऊन खडे शोधावेत, हे ठीकच आहे. पण ताटातल्या भातात रोगजंतू आहेत की नाहीत, हे ग्राहकाने पारखायचे कसे? ते डोळ्यांना दिसत नाहीत. पुष्कळदा अन्नाला वासही येत नाही आणि चवही बदलत नाही. 1930 च्या मालविक्री कायद्याने या तत्त्वाला अपवाद ठेवला आहे. ग्राहक आपले प्रयोजन सांगून विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबला असेल, तर माल त्या प्रयोजनास योग्य असलाच पाहिजे. आता अन्न आपण कशासाठी विकत घेतो, हे का कुणाला वेगळे सांगावे लागते? म्हणून अन्नाच्या व्यवहारात सावधगिरीचा पहिला भार विकणाऱ्यावर असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंदूरच्या भंवरकुआं भागात हा प्रश्न रोजचा आहे. जवळच होळकर विज्ञान महाविद्यालय, पुढे खंडवा मार्गावर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा परिसर, आणि भोवताली स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांची दाटी. गावोगावची मुले येथे खोली घेऊन राहतात आणि खानावळ, डबा किंवा हातगाडी यांवर दिवस काढतात. ज्यांच्या घरची चूल शेकडो मैल दूर आहे, त्यांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

अन्नाच्या शुद्धतेचा विषय निघाला की आपण लगेच भेसळीबद्दल बोलू लागतो. मिरचीत विटेची पूड, दुधात पाणी, खव्यात मैदा. भेसळ ही लबाडी आहे. ती करणाऱ्याला आपण काय करतो हे ठाऊक असते. रोगजंतूंची गोष्ट निराळी. ते बहुधा कुणाच्या दुष्ट हेतूने येत नाहीत, काटकसरीने येतात. विजेचे बिल वाचावे म्हणून शीतकपाट रात्री बंद ठेवले, हात धुण्यास साबण ठेवला नाही, टाकी वर्षभर घासली नाही, दुपारचा भात संध्याकाळी खपवला. विक्रेत्याच्या वहीत ही सारी बचत म्हणून जमा होते. तिचा खर्च मात्र दुसऱ्याच्या नावे पडतो : औषधाचे पैसे, बुडलेला पेपर, कधी तर जीव.

हा खर्च किती वेगाने वाढतो, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तरी चटकन ओळखावे. अनुकूल उष्णता आणि ओलावा मिळाला की काही जंतू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात. 20 मिनिटांच्या मुदतीने शंभर टक्के दराचे चक्रवाढ व्याजच ते! एक हजार जंतूंपासून सुरुवात झाली, तर चार तासांत बारा वेळा दुप्पट होऊन ते 40 लाख 96 हजार होतात. म्हणूनच शिजलेले अन्न एक तर 60 अंशांहून अधिक गरम ठेवावे, नाही तर 5 अंशांखाली थंड, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. या दोहोंच्या मधला पट्टा धोक्याचा. माळव्यातला उन्हाळा काय किंवा पावसाळा काय, स्वयंपाकघरातील उघडे पातेले याच पट्ट्यात असते.

'पुन्हा उकळले की झाले' हा समज तर फारच घातक. भातात आढळणाऱ्या बॅसिलस सिरियस या जंतूची बीजे शिजवण्याच्या उष्णतेतही टिकतात. भात तासन् तास कोमट राहिला की ती रुजतात, आणि त्यांचे उलट्या आणणारे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. स्वयंपाक्याच्या हातावरील पिकलेल्या जखमेतून स्टॅफिलोकोकस जंतू खव्यात किंवा दुधाच्या मिठाईत उतरले, तर त्यांचे विषही असेच उष्णतेला दाद देत नाही. जंतू मरतात, विष उरते.

आपल्या वाडवडिलांनी सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता, पण त्यांचे माप बरोबर होते. मराठीत 'शिळे', हिंदीत 'बासी', आपल्या कन्नड मित्रांच्या भाषेत 'तंगळु' : तिन्ही शब्द अन्नाची चव सांगत नाहीत, त्यावर गेलेला काळ सांगतात. कोरडी शिळी भाकरी आणि ओला शिळा भात यांत फरक करण्याइतके तारतम्यही त्या जुन्या स्वयंपाकघरांत होते. इंदुरी पोह्यांचेच पाहा. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवून पोहे सकाळभर वाफेवर गरम ठेवण्याची येथील रीत शास्त्राच्या कसोटीला उतरते. धोका असलाच तर वरून पडणाऱ्या चिरलेल्या कांद्यात, चटणीत, ती घालणाऱ्या हातात आणि बशी विसळण्याच्या बादलीत.

हे केवळ पोटदुखीचे प्रकरण नव्हे. मे 2022 मध्ये केरळातील कासरगोड जिल्ह्यात चेरुवत्तूर येथे शोरमा खाल्ल्यावर सोळा वर्षांची एक विद्यार्थिनी दगावली. आजारी पडलेल्यांच्या तपासणीत शिगेला जंतू आढळले. मे 2024 मध्ये मुंबईच्या ट्रॉम्बे भागात गाडीवरचा शोरमा खाऊन एकोणीस वर्षांचा तरुण गेला. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर केरळने 2023 मध्ये, तेलंगणाने 2024 मध्ये आणि तामिळनाडूने 2025 मध्ये बंदी घातली. दोन्ही ठिकाणी मृत्यू विद्यार्थ्यांच्याच वयाचा आहे, हे आपण विसरू नये.

आणि पाणी? इंदूर 2017 पासून 2023 च्या सर्वेक्षणापर्यंत सलग सात वेळा देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले. त्याच शहरात डिसेंबर 2025 च्या अखेरीस भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. जुलाब-उलट्यांची साथ पसरली, शेकडो लोक आजारी पडले, अनेकांचे प्राण गेले. मृतांचे सरकारी आणि वस्तीतील आकडे जुळले नाहीत, यावरून वाद झाला. पाण्याला वास येतो अशी तक्रार आपण आधीच केली होती, असे रहिवासी सांगत होते. झाडलेला रस्ता सर्वांना दिसतो. जमिनीखालची गळकी वाहिनी कुणाला दिसत नाही. दिसणाऱ्या स्वच्छतेला आपण गुण दिले, न दिसणाऱ्या स्वच्छतेचा हिशेब कोणी मागितला?

कायदा नाही असे नाही. 2006 च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने प्रत्येक खाद्यव्यावसायिकास नोंदणी किंवा परवाना घ्यावयास लावले. त्याचा चौदा अंकी क्रमांक 1 जानेवारी 2022 पासून पावतीवर छापणे आवश्यक झाले. ग्राहकाला शुल्क भरून अन्नाचे पृथक्करण करून घेता येते. असुरक्षित अन्नाने मृत्यू झाल्यास किमान पाच लाख रुपये भरपाईची तरतूद आहे. पण पावतीच न देणाऱ्या खानावळीत हे हक्क कोणत्या कागदावर सिद्ध करायचे?

यावर कोणी म्हणेल, गरीब हातगाडीवाल्याच्या मागे कशाला लागता? आक्षेप रास्त आहे. तपासनीसाचा बडगा नेहमी दुबळ्यावर आधी पडतो. परंतु उकळत्या पाण्यावरची परात, झाकण, साबण आणि स्वच्छ पाणी यांना फार मोठे भांडवल लागत नाही. इंदूरच्या 'छप्पन दुकान' बाजाराला 2019 मध्ये स्वच्छ खाद्यकेंद्राचे प्रमाणपत्र मिळाले, ते तेथील विक्रेत्यांनी एकत्र येऊन केलेल्या सुधारणांमुळेच. शिवाय जेथे एका पातेल्यातून दोनशे डबे भरले जातात, तेथे एका चुकीचे दोनशे भागीदार होतात. कडक तपासणी आधी तेथे हवी. आणि दहा रुपयांसाठी डबेवाल्याशी घासाघीस करणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवावे की, ते दहा रुपये कोठून तरी कापले जाणारच. ते साबणातून आणि शीतकपाटाच्या विजेतून कापले जाऊ नयेत.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक खानावळीने आणि महाविद्यालयाच्या उपाहारगृहानेही दारावर एक फळा लावावा आणि त्यावर रोज चार ओळी लिहाव्यात : अन्न किती वाजता शिजले, पाणी कोठून आणले, टाकी केव्हा धुतली आणि परवाना क्रमांक काय. आपण वाणिज्याचे विद्यार्थी अंकेक्षण शिकतो. नोंद आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही, तिच्यामागचा पुरावा पाहायचा, हे शिकतो. तेव्हा दर आठवड्यास दोन विद्यार्थी आणि सूक्ष्मजीवशास्त्र जाणणारे एक प्राध्यापक यांनी मिळून हा फळा पडताळावा. फळ्यावर वेळ लिहावी लागली की दुपारचा भात संध्याकाळी 'ताजा' म्हणून वाढणे अवघड होईल. ज्या दुकानदाराला या चार ओळी लिहिण्याची लाज वाटेल, त्याच्याकडे जेवायचे की नाही, एवढा निर्णय मात्र ग्राहकाला खरोखरच स्वतः घेता येईल.

(तृतीय वर्ष, वाणिज्य)