सीबीडीची बाटली आणि वस्तीतली पुडी

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील शिकल्या-सवरलेल्या घरांत एक नवी बाटली आली आहे. आईचे गुडघे दुखतात, मुलाला फिट येते, नोकरीच्या ताणाने झोप लागत नाही, घरातला म्हातारा कुत्रा लंगडतो. या सर्वांवर एकच तेल चालते असे जाहिरात सांगते. त्या तेलाचे नाव सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल. ते गांज्याच्याच झाडापासून निघते. त्यामुळे कोर्टाच्या आवारात, विहारात, लग्नाच्या मांडवात लोक बाजूला घेऊन विचारतात, "वकील साहेब, हे घेतले तर पोलीस पकडतील का? याने गुण येतो का? आणि पंचशील मोडते का?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ज्या झाडाचा अर्क हजारो रुपयांना घरपोच येतो, त्याच झाडाच्या एका पुडीसाठी आपल्या वस्तीतला पोरगा लॉकअपमध्ये का जातो? या चारही प्रश्नांचा विचार केला पाहिजे.

प्रथम पदार्थ समजून घेऊ. गांज्याच्या झाडात अनेक रासायनिक द्रव्ये असतात. त्यातली दोन महत्त्वाची. एक टीएचसी, ज्याने नशा चढते. दुसरे सीबीडी, ज्याने तशी नशा चढत नाही. पण "नशा नाही" म्हणजे "परिणाम नाही" असे नव्हे. सीबीडी हे शरीरावर काम करणारे औषधी द्रव्य आहे आणि औषधाचे गुण-दोष दोन्ही त्याला लागू आहेत. तिसरी वस्तू म्हणजे हेम्पच्या बियांचे तेल. हे खाद्यतेल आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ साली हेम्पच्या बिया व तेल यांना अन्न म्हणून मान्यता देताना एका किलोत टीएचसी ५ मिलिग्रॅमपेक्षा आणि सीबीडी ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये अशी मर्यादा घातली. म्हणजे बियांच्या तेलात सीबीडी जवळपास नसतेच. तरीही हेच तेल हिरव्या पानाचे चित्र लावून औषधाच्या भावात आणि औषधाच्या तोऱ्यात विकले जात असेल तर ती शुद्ध फसवणूक आहे.

आता कायदा पाहू. अमली पदार्थांचा कायदा, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, १९८५ साली झाला. त्याच्या कलम २ मध्ये गांज्याची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्यापुरती आहे. फुलोऱ्यासोबत नसलेली पाने आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. भांग कायद्याच्या या दारातून बाहेर राहिली आणि राज्यांच्या नियमांखाली गेली. महाराष्ट्रात तिला दारूबंदीचा कायदा लागतो. आयुर्वेदात या पानांना विजया म्हणतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांतील अनुसूची ई (१) मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत, भांगेचे नाव आहे. पानांच्या अर्काची जी औषधे देशात रीतसर विकली जातात ती आयुष विभागाच्या परवान्यावर, या वाटेने येतात. त्याच कायद्यात आयुर्वेदिक औषधाची व्याख्या माणसांबरोबर जनावरांनाही धरून आहे.

पण फुलोऱ्याचा अर्क निघाला की चित्र बदलते. एनडीपीएस कायद्यात गांज्याच्या कोणत्याही अर्काला "औषधी गांजा" म्हटले आहे आणि त्याची गणना "उत्पादित अमली द्रव्यां"त केली आहे. परवान्याशिवाय ते बाळगणे हा गुन्हा आहे. म्हणून अमेरिकेत किंवा कॅनडात असलेला भाचा आजीच्या गुडघ्यासाठी प्रेमाने बाटली पाठवतो तेव्हा मी हात जोडून सांगतो, पाठवू नका. अमेरिकेने २०१८ साली ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलेले हेम्प त्यांच्या कायद्याखाली मोकळे केले, ते तिथे. आपल्या विमानतळावर तो कायदा चालत नाही. रंग बदलून दाखवणाऱ्या प्राथमिक चाचणीला हेम्प आणि गांजा यांतला फरक सांगता येत नाही. तो निवाडा प्रयोगशाळेच्या अहवालाने होतो आणि अहवाल येईपर्यंत माणूस कुठे असतो हे आपल्या लोकांना सांगायला नको. शिवाय या कायद्यात पदार्थ ताब्यात सापडला की आरोपीला तो जाणीवपूर्वक बाळगत होता असे गृहीत धरण्याची तरतूद आहे. "मला ठाऊक नव्हते" हे सिद्ध करण्याचा बोजा आपल्यावर येतो.

म्हणून ज्याला घ्यायचेच आहे त्याने देशात, आयुष परवान्याचे औषध, वैद्याच्या चिठ्ठीवर घ्यावे. बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, मुदत, घटक आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना पाहावी. सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे दोन्ही आकडे त्याच बॅचच्या तपासणी अहवालासह मागावेत. बिल आणि चिठ्ठी जपून ठेवावी. यातले एकही देता येत नसेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी पैसे खिशातच ठेवावेत. लेबलवर भाबडा विश्वास का ठेवू नये याचा पुरावा आहे. अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यात फक्त २६ उत्पादनांतले प्रमाण लेबलशी जुळले. १८ उत्पादनांत नशेचे टीएचसी सापडले. इतकी यंत्रणा असलेल्या देशात ही स्थिती असेल, तर आपल्याकडे किती सावध राहिले पाहिजे याचा विचार करा.

दुसरा प्रश्न गुण येतो का. उत्तर "काही आजारांत, काही प्रमाणात" असे आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली सीबीडीचे एक शुद्ध औषध मंजूर केले. ते लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्राव्हे या लहान मुलांतल्या कठीण, दुर्मिळ फिट्सच्या आजारांसाठी. २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या तिसऱ्या आजाराची त्यात भर पडली. हे मोठे काम आहे, ते नाकारू नये. पण सांधेदुखी, निद्रानाश, मधुमेह, कॅन्सर या सर्वांवर उतारा म्हणून जे सांगितले जाते त्याला असा आधार नाही. कॅन्सर, मधुमेह, फिट अशा आजारांवर उपचाराच्या जाहिराती करणे हा १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि मात्रेचे गणित बघा. त्या मंजूर औषधाची मात्रा वजनाच्या दर किलोला दिवसाला १० ते २० मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे २० किलोच्या मुलाला रोज किमान २०० मिलिग्रॅम. समजा बाजारातल्या बाटलीत एकूण १५०० मिलिग्रॅम आहे. ती साडेसात दिवसांत संपेल. जाहिरात मात्र सांगते, रोज पाच थेंब. म्हणजे एक तर ते पाच थेंब बिनकामाचे, नाही तर महिन्याला चार बाटल्यांचा खर्च. ही मात्रा मी घरी द्यायला सांगत नाही, हिशेब कळावा म्हणून सांगतो. सीबीडीने यकृताच्या तपासण्या बिघडू शकतात, ग्लानी येते, जुलाब होतात. फिटवरचे क्लोबाझाम आणि व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ करणारे वॉरफरिन यांच्याशी त्याची गाठ पडली तर धोका वाढतो. म्हणून चालू गोळ्या बंद करून तेल सुरू करणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळ आहे. फिट येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना साध्या, जुन्या, स्वस्त गोळ्या नियमित घेतल्या तर आराम पडतो. बाबा-बुवांच्या अंगाऱ्याने जे केले तेच आता चकचकीत बाटली करत असेल, तर आपल्या चळवळीने अंगारा सोडून काय मिळवले?

घरच्या मुक्या प्राण्यांबद्दलही हेच. संविधानाच्या कलम ५१ क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी आणि विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन ही दोन्ही नागरिकांची कर्तव्ये शेजारी-शेजारी सांगितली आहेत. दया हवी, पण विज्ञानासह. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात सांधे झिजलेल्या कुत्र्यांचे दुखणे सीबीडीने कमी झाले, परंतु उपचाराच्या काळात यकृताशी संबंधित एक रक्तघटक वाढलेला दिसला. कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात फिट येणाऱ्या कुत्र्यांच्या फिट्स घटल्या, पण ज्यांच्या फिट्स निम्म्याने कमी झाल्या अशा कुत्र्यांचे प्रमाण औषध न दिलेल्या गटाइतकेच राहिले. दोन्ही अभ्यास थोड्या कुत्र्यांवरचे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जनावरांसाठी सीबीडीचे एकही औषध मंजूर केलेले नाही. टीएचसी मात्र कुत्र्याला नक्की बाधते. तो लडखडतो, लाळ गाळतो, जागेवर लघवी करतो. माणसांसाठीच्या गोळ्या-चॉकलेटे तर कुत्र्याला देऊच नयेत. चॉकलेट त्याला विषारी आहे आणि साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल त्याहून घातक. जनावरांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय एक थेंबही नको.

तिसरा प्रश्न पंचशीलाचा. पाचवे शील प्रमाद घडवणाऱ्या मद्यादी पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. औषधाबद्दल तथागतांनी काय केले ते विनयपिटकाच्या महावग्गातील औषधांच्या प्रकरणात नोंदलेले आहे. भिक्खू पिलिंदवच्छ यांना वाताचा त्रास झाला तेव्हा तेल शिजवताना त्यात मद्य घालण्याची अनुमती मिळाली. काही भिक्खूंनी मद्य जास्त घातले आणि ते पिऊन त्यांना नशा चढली. तेव्हा नियम झाला की मद्याचा रंग, वास वा चव उतरणार नाही इतकेच घालावे, आणि जास्त पडले असेल तर ते तेल अंगाला चोळण्यासाठी वापरावे. त्याच ठिकाणी अंगातल्या वातासाठी "भंगोदक" सांगितले आहे. काही अनुवादक त्याला भांगेचे पाणी म्हणतात, तर अट्ठकथा निरनिराळ्या पाल्यांचा काढा असा अर्थ सांगते. अर्थ कोणताही घ्या, विवेक स्पष्ट आहे. आजाऱ्याला औषध नाकारायचे नाही आणि औषधाच्या नावाखाली नशा शिरू द्यायची नाही. संविधानाचे कलम ४७ हेच सांगते. मादक पेये व अपायकारक अमली द्रव्ये यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, औषधी उपयोग सोडून. तेव्हा डॉक्टरच्या सल्ल्याने घेतलेल्या औषधाने शील मोडत नाही. पण "हे तर आयुर्वेदिक आहे" म्हणत रोज संध्याकाळी तरंगत बसणारा माणूस स्वतःलाच फसवतो.

आता चौथा प्रश्न. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांतल्या अमली पदार्थांच्या दहा हजारांवर प्रकरणांचा अभ्यास केला. जवळजवळ सर्व प्रकरणे स्वतः सेवन केल्याची होती, त्यातली फार मोठी संख्या गांज्याची, आणि सापडलेले बहुसंख्य लोक रोजंदारी करणारे, झोपडपट्टीत वा रस्त्यावर राहणारे. देशातल्या कच्च्या कैद्यांत दर पाचांमागे साधारण एक अनुसूचित जातीचा आहे, असे २०२२ ची सरकारी आकडेवारी सांगते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला आपला वाटा १६.६ टक्के. गांजा उच्चभ्रू सोसायटीतही ओढला जातो, मग पोलिसांची गाडी नाक्यावरच का थांबते? सोसायटीला फाटक आहे, वॉचमन आहे, वकील आहे. नाक्यावरच्या पोराला यातले काहीच नाही.

कोणी असे समजू नये की मी गांज्याची वकिली करतो आहे. व्यसनाने आपल्या वस्त्या पोखरल्या आहेत आणि आयाबहिणी त्याची किंमत मोजत आहेत. पण व्यसनी पोराला तुरुंग सुधारत नाही. ज्याच्याकडे थोडा माल सापडला आणि ज्याला उपचार हवे आहेत, अशांसाठी याच कायद्यात कलम ६४ अ आहे, कलम ३९ आहे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, न्यायालय शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकते. अंगझडती घेण्यापूर्वी राजपत्रित अधिकारी वा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क कलम ५० देते. हे हक्क वस्तीत किती जणांना माहीत आहेत? संयुक्त राष्ट्रांच्या अमली द्रव्य आयोगात डिसेंबर २०२० मध्ये गांज्याला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिले. उत्तराखंडाने २०१८ पासून हेम्पच्या लागवडीला परवाने दिले. म्हणजे व्यापाराचे दार उघडते आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात वनजमिनीवर झाडे सापडली म्हणून गुन्हा दाखल होणाऱ्या आदिवासीसाठी ते उघडेल का? की भांडवलवाल्याला परवाना आणि भूमिहीनाला बेडी, हीच जुनी वाटणी नव्या नावाने चालणार?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातल्या सीबीडी व विजया उत्पादनांचे नमुने तपासून निकाल नावानिशी जाहीर करावेत. कठीण फिट्स असलेल्या मुलांना तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर तपासलेले औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळावे. केवळ सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद सांगणारे कलम २७ बदलून तिथे उपचार आणावेत. लागवडीचे परवाने निघतील तेव्हा भूमिहीन, दलित व आदिवासींच्या सहकारी संस्थांना त्यात वाटा असावा.

हे होईपर्यंत प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार कायदा-साक्षरतेला द्यावा. तिथे बाटली विकत घेणाऱ्यानेही यावे आणि ज्याचा मुलगा पुडीसाठी आत आहे त्या आईनेही. एकाच झाडाने दोघांना एका सतरंजीवर आणले, तर तेथे काढलेला अर्ज सरकारलाही वाचावा लागेल.